चंदूकाकांची पुढची दोन चाकं

चंदूकाकांशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, आणि फुटतं ते डोकंच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्ही विचारालच की आश्लेषा, तुला सगळं माहीत होतं तर तू गप्प का बसलीस?

काका मूळचे सांगलीचे. एकोणसत्तर साली मिशिगनला आले आणि एकतीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात राबले. तिथे ते सीटच्या स्प्रिंगा तपासायचे, पण बोलायला लागले की वाटावं, इंजिनाचा शोध यांनीच लावला. ॲन आर्बरमध्ये नवा मराठी माणूस उतरला की आठवड्याच्या आत काकांकडे जेवायला. पद्मजाकाकूंच्या हातची आमटी आणि तोंडी लावायला काकांचं थंडीवरचं प्रवचन. मी त्यांच्याच बेसमेंटमध्ये भाड्यानं राहते, त्यामुळे मला ते दर नोव्हेंबरात ऐकावं लागतं.

प्रवचनाचं सार एवढंच: फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीला पुढची चाकं ओढतात, तेव्हा बर्फाचे, म्हणजे बर्फावर पकड घेणारे, टायर पुढच्या दोनच चाकांना. "नाल बैलाला ठोकतात, गाडीला नाही!" काका आले तेव्हा गाड्यांना मागची चाकं ढकलायची, म्हणून लोक दोन टायर मागे लावायचे. पुढे गाड्या बदलल्या. काकांनी टायर पुढे आणले आणि नियम तोच ठेवला.

आणि नुसता उपदेश नाही. इथलं बिऱ्हाड हलवून कोणी कॅलिफोर्नियाला नाहीतर भारतात निघालं की आपले बर्फाचे टायर रिमसकट काकांच्या गराजमध्ये ठेवून जातं. काका त्यावर खडूनं नाव लिहितात आणि पुढच्या नव्या माणसाला देतात. सगळ्या जोड्याच. चारांचा सेट औषधालाही नाही.

त्यातली एक जोडी निमिषची, त्यानंही ती काकांचं ऐकून पुढेच लावलेली. नागपूरचा साधा मुलगा, युनिव्हर्सिटीत रिसर्च करायचा. २००५ च्या डिसेंबरात भारतातून आलेली आई गाडीत असताना वळणावर त्याची गाडी गरकन फिरली आणि कठड्यावर आदळली. आईचं खुब्याचं हाड मोडलं. "काका, मागची बाजूच निसटली हो," असं तो सांगत होता, तर काका संक्रांतीच्या कार्यक्रमात भर हॉलमध्ये म्हणाले, "ब्रेक मारला असशील गाढवासारखा. चालवता येत नाही तर आईला कशाला बसवायचं?" पोराचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्याच उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियात सनीव्हेलला गेला. तिथे त्यानं गाडी घेतलीच नाही, ट्रेननं फिरतो असं ऐकलं.

२००७ सालची थंडी आली तेव्हा काकूंचं डायलिसिस सुरू होऊन चार महिने झाले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. बर्फ पडो की आभाळ कोसळो, चुकवायचं नाही. एक वारी चुकली तरी पाय सुजायचे, श्वास लागायचा. त्यामुळे काकांनी यंदा नवे टायर घ्यायचं ठरवलं आणि मला घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं दोन टायर द्यायला साफ नकार दिला. म्हणाला, चार घ्या, नाहीतर मी बसवणार नाही. पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सुटतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

"मला शिकवतोय!" काका तरातरा बाहेर पडले. घरी येऊन गराजमधून निमिषची जोडी काढली आणि स्वतःच्या हातांनी पुढे लावली. मागे तेच जुने, गुळगुळीत झालेले टायर. मी शेजारी नट धरून उभी होते. शब्द अगदी जिभेच्या टोकापर्यंत आले होते. पण शहात्तर वर्षांच्या माणसाला, ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याला, कसं सांगायचं की तुम्ही चुकताय? नाही सांगितलं.

डिसेंबरातल्या एका सोमवारी सकाळी सहा इंच बर्फ पडलं. माझी सुट्टी होती. "काका, मी ड्राइव्ह करते," म्हटलं. "तुला इथे येऊन जुम्मा जुम्मा तीन वर्षं झाली!" झालं. मी मुकाट्यानं मागे बसले. पुढे काकू, डायलिसिसच्या सुया टोचायचा हात शालीत जपून धरलेला.

गाडी निघाली तर झकास. "बघ, कशी रस्ता धरतेय!" काका खूश. मला खरी भीती तीच होती. नदीच्या पुलाकडे उतार लागला, उतारावर वळण. काकांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, बस, एवढंच. माझ्या खालची सीट डावीकडे सरकली. झाडं, कठडा, आलो तो रस्ता, सगळं काचेसमोरून गेलं, आणि समोरून येणारा ट्रक आता आमच्या मागे होता. "काकू!" मी किंचाळले. हॉर्न वाजवत ट्रक हातभर अंतरावरून गेला. गाडी उलट्या तोंडानं कडेच्या बर्फात रुतून थांबली.

कोणालाच काही लागलं नव्हतं. पन्नास वर्षांत ज्या बाईनं काकांना चारचौघांत खोडून काढलं नव्हतं, ती शांतपणे म्हणाली, "अहो, मागची बाजू निसटली. निमिष हेच तर सांगत होता."

मी काकांना मागे बसवलं, गाडी पुढेमागे करत बर्फातून काढली आणि गोगलगायीसारखी हाकत सेंटर गाठलं. काकूंना मशीन लागलं. आता चार तास.

वेटिंग रूममध्ये काकांनी विचारलं, "दुकानातला माणूस नक्की काय म्हणाला होता?" मी सांगितलं. "मग तू का नाही बोललीस?"

"तुमच्यापुढे कोणाची छाती आहे बोलायची?" माझा बांधच फुटला. "आज काकू गेल्या असत्या, काका! आणि मी नट धरून उभी होते!"

काकांनी खिशातून फोन नंबरांची जुनी डायरी काढली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. "मोरेश्वर, मी चुकीचं सांगितलं होतं. मागचेही बदल. आजच." "राजेश, घरी गाडी कोण चालवतं? चारही घे बाबा." प्रत्येक वेळी तेच, "मी चुकीचं सांगितलं होतं." ते शब्द त्यांच्या तोंडून ऐकवत नव्हते, तरी मी उठले नाही.

सनीव्हेलचा नंबर त्यांनी शेवटी ठेवला होता.

"निमिष, चंदूकाका बोलतोय. तुझी चूक नव्हती रे. टायर मी लावायला सांगितले होते. सगळ्यांसमोर तुला बोललो, ते चुकलं." मी फोनला कान लावला.

मग निमिष म्हणाला, "काका, हे माझ्या आईला सांगाल?"

काकांनी नंबर लिहून घेतला. पाकिटातून भारतात फोन लावायचं कॉलिंग कार्ड काढलं. त्यावरचा लांबलचक पिन तीनदा चुकला, पण मी मदतीला हात पुढे केला तर झटकला. नागपुरात रात्रीचे साडेनऊ झाले असतील.

"सीमाताई, मी ॲन आर्बरहून चंद्रशेखर," ते उभे राहून बोलत होते. "तुम्हाला लागलं ते माझ्यामुळे. तुमचा मुलगा गाडी नीट चालवतो. पुढच्या वेळी आलात की बसा त्याच्या शेजारी."