लाटसाहेबांचं भरीव कपाट

माझ्या थोरल्या काकांना आमच्या नात्यात सगळे लाटसाहेब म्हणतात, अर्थात ते खोलीबाहेर गेल्यावर. पाणीपट्टीच्या कचेरीत खिडकीमागे बसून लोकांना ‘उद्या या’ म्हणण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर उद्या बोलवायला कोणी उरलं नाही, तेव्हा ते घरच्या कपाटाबद्दल बोलायला लागले.

कपाट म्हणजे बैठकीतलं ड्रॉवरचं बुटकं कपाट. माझे आजोबा एका गोऱ्या साहेबाकडे टंकलेखक होते. राज्य आवरून साहेब निघाला तेव्हा हे त्यांना देऊन गेला. काकांच्या तोंडून ऐकाल तर साहेब कपाटाला मिठी मारून रडला होता. आजी सांगायची की बोटीवर जागा नव्हती, एवढंच.

पाहुणा आला की काका आधी घसा खाकरणार, मग नाकातून बोलणार. “हं, वाजवा. बोटाच्या पेरानं वाजवा, घाबरू नका. ऐकलंत? भरीऽऽव शिसवी.” हा ‘भरीऽऽव’ नीट म्हणायला हनुवटी वर करावी लागते. “नाहीतर आमच्या शेजारच्यांचं कपाट बघा. वर चकचकीत पापुद्रा, आत भुसा. माणसंही तशीच म्हणा.” शेजारी समोर बसलेले असले तरी हेच. वाजवून झाल्याशिवाय कुणाला चहा मिळत नसे.

अशात शहरातल्या संग्रहालयाला साहेबी काळातल्या घरगुती वस्तूंचं दालन काढायचं होतं. तिथल्या बाईंना कुठूनतरी कळलं. त्यांनी फोन केला, रविवारी बघायला येते म्हणाल्या. दालनात प्रत्येक वस्तूखाली देणाऱ्याच्या नावाची पितळी पाटी लागणार होती. झालं. तेव्हापासून काका पाटीच्या मजकुरात बुडाले. नावामागे ‘श्रीयुत’ की नुसतं ‘श्री’, वडिलांचं नाव पूर्ण की आद्याक्षर. जन्मभर दुसऱ्यांच्या पावत्यांवर शिक्के मारलेल्या माणसाला आपलं नाव चारचौघांत लागायला हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की ऐकणाऱ्यालाच कसंतरी व्हावं.

अडचण एकच. कपाटाच्या माथ्यावर गरम कपाचा पांढरा गोल डाग होता. काकू म्हणाली, “अहो, मऊ फडक्यानं पुसून देते. बाकी राहू दे तसंच.”

“पुसणं म्हणजे वरवरचं. भरीव लाकूड घासायचं असतं, आतून नवं निघतं. तुला काय कळतंय त्यातलं?”

शनिवारी त्यांनी सुताराकडून घासायचं यंत्र मागून आणलं, नाकाला रुमाल बांधला आणि बटण दाबलं. डाग गेला. डागाबरोबर तांबूस रंगही गेला, आणि खालून पिवळट, गाठीगाठींचं, फळांच्या खोक्याला वापरतात तसलं लाकूड वर आलं. कोणीही शहाणा माणूस थांबला असता. काका म्हणाले, “बघ, आतून आणखी गोरं आहे. साहेबाचं लाकूड,” आणि सगळा माथा एकसारखा करायला सरसावले.

यंत्र बंद झालं तेव्हा कडेला कागदाएवढ्या जाडीचा एक तुकडा लोंबत होता. शिसवी काय ती तेवढीच.

“ते तिथून निघतंच,” काकू म्हणाली. “दर उन्हाळ्यात मी डिंक लावून चिकटवते.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“तुम्ही पाहुण्यांशी बोलत असायचात.”

बाई येईपर्यंत काकांनी माथ्यावर तपकिरी बूटपॉलिश चोपडून ठेवलं होतं. बाईंनी त्यावर हात टेकला, हात बघितला आणि पर्समधून रुमाल काढला. मग उकिडव्या बसून पुढचे ड्रॉवर न्याहाळू लागल्या. तिथे लाकडाच्या रेषा डावीकडे जशा, उजवीकडे तशाच उलट. मधोमध जणू आरसा धरलेला.

“काय जुळवलंय. एकाच लाकडाचे पापुद्रे काढून शेजारी शेजारी चिकटवलेत,” त्या म्हणाल्या. “आम्हाला हे या व्हिनियरच्या कामासाठीच हवं होतं. अशा कपाटांचा माथा तर सगळ्यात देखणा.”

काकांचा आवाज नाकातून घशात उतरला. “म्हणजे तुम्हाला पापुद्राच हवा होता?”

“हो ना. आता दालनात ठेवता नाही येणार. फार तर ड्रॉवरच्या दर्शनी फळ्या अभ्यासासाठी नेऊ, कोठीत ठेवू.”

“आणि पाटी?”

“कोठीत पाट्या नसतात हो.”

काका ताठ झाले. “मग नाही द्यायचं. आम्ही पापुद्रेवाल्यांशी संबंध ठेवत नाही.”

हल्ली ते सांगतात की संग्रहालयवाले हातापाया पडत होते, पण घरचं माणूस कोणी प्रदर्शनात ठेवतं का? आणि मागच्या आठवड्यात त्यांनी पितळी पाटी स्वतःच करून आणली. ‘यांच्या संग्रहातून’, आणि वर पूर्ण नाव, वडिलांसकट. आता झोपायच्या खोलीत हलवलेल्या कपाटावर ती ठोकायला घेतली तेव्हा काकू पलंगावर बसून उशीचा अभ्रा शिवत होती.

“ही कुणासाठी हो?”

“कुणासाठी म्हणजे? कळायला नको कुणाचं आहे ते?”

“घरात आपण दोघंच,” काकू दोरा तोडत म्हणाली. “तुमचं नाव मला माहीत आहे.”