एव्हीएल कुठली भिंत दाखवते

माझ्या मावशीला इस्पितळात सगळे शंकाबाई म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुलूप लावलं की ती तीनदा ओढून बघायची, चौथ्यांदा मला ओढायला लावायची. वॉर्डात आया म्हणून सतरा वर्षं काढल्यावर तिने ईसीजी तंत्रज्ञाची खात्यातली परीक्षा द्यायचं ठरवलं. पास झाली तर बेडपॅन सुटणार होते, नाहीतर निवृत्तीपर्यंत तेच.

ईसीजीची कोणती लीड, म्हणजे हृदयाकडे बघायची कोणती दिशा, हृदयाची कोणती भिंत दाखवते, हे ती माझ्यासमोर बसून पाठ करायची. ईसीजीच्या खोलीतल्या तक्त्यावरून तिने सगळं उतरवून आणलं होतं. व्ही-वन, व्ही-टू मधला पडदा. व्ही-थ्री, व्ही-फोर पुढची भिंत. दोन, तीन, एव्हीएफ आणि एव्हीएल खालची. इथे ती अडली.

"एव्हीएफ पायाकडून बघते, तिला खालचं दिसणार. एव्हीएल डाव्या हाताकडून बघते. तिला बाजूची भिंत दिसायला हवी. खालची कशी दिसेल गं?"

"तक्त्यावर आहे ना? मुकाट्याने पाठ कर," मी वैतागून म्हटलं.

"तक्ता लिहिणारा कोण लागून गेलाय?"

तक्ता मुख्य तंत्रज्ञांनी लिहिलेला, आणि तोंडी परीक्षाही तेच घेणार होते. मी डोक्याला हात लावला. मावशीने मात्र तीन पुस्तकं धुंडाळली. तिन्ही तिच्या बाजूने निघाली, तेव्हा तिला नवीच शंका आली: हा माणूस मुद्दाम सापळा लावून बसलाय.

परीक्षेत त्यांनी नेमकं तेच विचारलं.

"बाजूची भिंत," मावशी म्हणाली.

"तक्ता वाचला नाहीत?"

"वाचला. चुकलाय तो."

त्यांनी कागदावर 'पास' लिहिलं आणि तो तिच्यापुढे सरकवला. मावशीला तेही पटेना.

"इतक्या सहज कसं काय, साहेब?"

"सहा वर्षांपूर्वी एकीने हेच उत्तर दिलं होतं," ते खाली बघत म्हणाले. "मी तिला नापास केलं. पुस्तक नंतर उघडलं. तक्ता बदलला असता तर का बदलला ते सांगावं लागलं असतं."

"ती कुठे असते आता?"

"धुलाईखात्यात. चादरींच्या घड्या घालते."

मावशीने आपला कागद त्यांच्याकडे परत सरकवला. "आधी तिचा काढा. माझ्यावर सही मग करा."

"उद्या बघतो."

"तुमच्या उद्यावर माझा विश्वास नाही," मावशी म्हणाली. त्यांनी कपाट उघडून जुनी फाइल बाहेर काढेपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही.