श्रीरंगकाकांचा गधेगाळ

सभ्यपणा अंगाशी येतो, हे सिद्धेशला अमेरिकेतल्या ट्रॉय गावात येऊन कळलं.

ज्यांच्या बेसमेंटमध्ये तो भाड्यानं राहायचा ते श्रीरंगकाका, मोटार कंपनीतले रिटायर्ड इंजिनिअर, रविवारी जेवताना फोन पुढे करून म्हणाले, "हा आमच्या गावच्या शेतातला दगड. तू जुन्या देवळांवरच पीएचडी करतोयस ना? वाच."

फोटोत वर चंद्रसूर्य, मध्ये चार ओळी, खाली एक गाढव आणि एक बाई. सिद्धेशनं झोकात वाचलं. यादवांच्या काळात हे शेत देवळाला दिलेलं. पिकातून रोज पळीभर तेल दिव्याला, उरेल ते गुरवाला आणि वाटसरूंच्या जेवणाला. शेवटच्या ओळीवर मात्र जीभ अडखळली. समोर वीणाकाकू आमटी वाढत होत्या.

"हे दान जो मोडेल," तो म्हणाला, "त्याच्या घरातल्या बाईचं... वाईट होईल."

काकांचा घास हातातच राहिला. ते शेत त्यांनी चौदा वर्षांपूर्वी विकून या घराचं कर्ज फेडलं होतं. आणि गुरुवारी काकूंची बायपास होती.

मंगळवारपर्यंत काका निम्मे झाले. खुर्चीत काकूंचा डोळा लागला की ते त्यांच्या नाकापुढे बोट धरून बघायचे. त्या दुपारी सिद्धेश वर आला, तर काका हॉस्पिटलला फोन लावत होते. सर्जरी कॅन्सल करायला. डॉक्टरांनी आठवडाभरही थांबू नका म्हणून बजावलं होतं. काकूंना काही झालं असतं, तर त्या दगडावरचं गाढव तोच ठरला असता.

"काका, फोन ठेवा. तो शाप नाहीये."

"मग?"

"शिवी आहे. असल्या दगडाला गधेगाळच म्हणतात."

"कसली रे शिवी?" काकू जाग्या झाल्या होत्या.

"काकू, तुम्ही जरा किचनमध्ये..."

"छाती माझी फाडणारेत. मी इथेच बसणार. बोल."

सिद्धेश कार्पेटशी बोलला. "आईवरून आहे. म्हणजे... गाढव, आणि दान मोडणाऱ्याची आई. खाली त्याचंच चित्र आहे. तुमच्यासमोर कसं बोलणार, म्हणून मी फिरवून सांगितलं."

"बायकोचं नावसुद्धा नाही?" काकू जरा हिरमुसल्याच.

"नाही. दाद मागायला राजाची कचेरी लांब, आणि गुरव, माळी, तेली, सगळ्यांचं पोट त्या देवळावर. ज्याला वाचता येत नाही त्यालाही धाक बसावा, म्हणून चित्र."

"सासूबाई एक्याण्णव वर्षं जगल्या," काकू म्हणाल्या. "अहो, त्यांच्या वाटेला जायची गाढवाची काय टाप होती! राहू दे तो फोन."

काका हसले नाहीत, पण फोन खाली ठेवला.

गुरुवारी काकूंना आत नेलं. काकांच्या जॅकेटच्या खिशातून तिळाच्या तेलाची बाटली डोकावत होती.

"सकाळी आपल्या टेंपलमध्ये गेलो होतो. गुरुजी म्हणाले, फायरचे नियम आहेत काका, दिवा विजेचा आहे." त्यांनी बाटली सिद्धेशच्या हातात दिली. "शाप नसेल रे. पण तेल तर द्यायचंच होतं ना?"

सिद्धेशनं बाटली मांडीवर धरली. दार उघडलं की दोघं उठायचे, दुसऱ्याच कुणाला हाक आली की बसायचे. असं पाच तास चाललं. सहाव्या तासाला नर्सनं काकांचं नाव घेतलं.

"शी'ज डूइंग फाइन," ती दारातूनच म्हणाली.

काकांनी तोंडावर रुमाल धरला. सिद्धेशनं बाटली हलवून पाहिली. गच्च भरलेली होती. पळीभरसुद्धा कमी झालेलं नव्हतं.