तोंड भिंतीकडं

"यल्ला, तोंड भिंतीकडं!"

कॅमेऱ्यासमोर कुणी बसलं की आमच्या लाइटमनची ही हाक ठरलेली. 'यल्ला' म्हणजे इथल्या अरबीत 'चला'. कॅमेरावाला सोडून बाकी सगळ्यांनी पाठ फिरवायची, मग ते आमच्या दोह्यातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष का असेनात. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं माणसं निमूट ऐकतात आणि का ऐकतात ते त्यांनाही सांगता येत नाही.

तो कोल्हापूरचा, साठीला टेकलेला, भरघोस मिशांचा. इंडस्ट्रियल एरियात समारंभांचे दिवे भाड्यानं देणाऱ्या गोदामात कामाला होता. शुक्रवारी सुट्टी, म्हणून मंडळाचे व्हिडिओ हौसेनं करायचा. त्याचं सामान मी एकदा मोजलं होतं. दोन दिवे, थर्माकोलचा एक तक्ता, कपड्यांचे सात चिमटे आणि एक जुनी शाल. शॉट संपला की दिवा विझवण्याआधी तो मान वळवून समोरच्या माणसाला ती शाल द्यायचा. दोह्यात, जून महिन्यात! लोक हसत हसत घ्यायचे.

माझ्या बायकोनं नाशिकला चौदा वर्षं शाळेत शिकवलं. इथे आल्यावर सहा वर्षं ती घरीच होती. मंडळ मुलांसाठी ऑनलाइन मराठी वर्ग सुरू करणार होतं. तीन मिनिटांचा नमुना पाठ पसंत पडला, तर वर्ग तिचा. तिला तो किती हवा होता, हे मला तीन दिवस आधीच इस्त्री करून ठेवलेल्या साडीवरून कळलं.

शुक्रवारी सकाळी अल दुहैलच्या आमच्या घरी, हॉलमध्ये मंडळी जमली. वर्गाचा निर्णय ज्यांच्या हाती, त्या मंडळाच्या दोघी बायकाही होत्या. लाइटमन आधी स्वतःच खुर्चीत बसला, माझ्या बायकोची ओढणी डोक्यावरून घेऊन.

"वैनींनी तापत बसायचं न्हाई. उजेड माझ्यावर जमवू, मग त्यांना बोलवा."

"नवरी छान आहे हो!" दोघींपैकी थोरली म्हणाली.

"मिशा काढणार न्हाई, आदीच सांगतो."

मग बायको बसली. त्यानं हाक दिली, पण आम्ही कुणी वळलो नाही. आपल्याच घरात कसली पाठ फिरवायची? मी तर स्टॉपवॉच घेऊन तिच्यासमोरच उभा होतो. दर अर्ध्या मिनिटाला एक बोट वर करायचं, अशी माझी योजना होती.

"मुलांनो..." म्हणून ती थांबली. दुसऱ्या वेळी अकरा सेकंद बोलली. तिसऱ्या वेळी उठलीच. "नाही जमणार मला. सांगा त्यांना, दुसरं कुणी बघा."

लाइटमन माझ्याकडे वळला. "सायेब, घर तुमचं, सेट माझा. बोटं खाली. तोंड भिंतीकडं. बाई, तुम्हीबी."

आम्ही ओळीनं भिंतीकडे वळलो. मग सहा वर्षांत न ऐकलेला आवाज मागून आला. वर्गातला.

"मुलांनो, कोडं ओळखा. स्वयंपाकघरात राहतो, पण जेवत नाही. घरभर शिट्ट्या मारतो, तरी कुणी रागावत नाही. कोण?"

"कुकर!" थोरल्या बाई भिंतीला म्हणाल्या.

"शाबास, मागचा बाक!"

हसू आवरेना, पण पाठ पुढे चाललाच. चार मिनिटं वीस सेकंद भरला. मर्यादा तीनची होती. जास्तीची ऐंशी सेकंदं मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला दाखवली नाहीत. दोघी जाता जाता वर्गाचा दिवसही ठरवून गेल्या.

चहा घेताना मी लाइटमनला विचारलं, हे कुठे शिकलात? त्यानं आवाज खाली आणला.

"मुंबईत बारा वर्षं तसल्या शिनेमांचे दिवे लावले, सायेब. फकस्त मोठ्या माणसांनी बगायचे. भाड्याचा बंगला, दोन दिवे, चार माणसं. पोरी पोटासाठी यायच्या. आमच्या वस्तादाचा नेम होता. उजेड सोतावर जमवायचा, शॉटला पाठ करायची, कट झालं की आदी शाल, मग बटन. तिथं त्यांची तेवढीच इज्जत आमच्या हातात होती बगा." मग हळूच म्हणाला, "वैनींना सांगू नका. घरात घेणार न्हाईत पुन्हा."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शाल अजून तिच्या खांद्यावर होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी दुसरा पाठ आहे. नऊला या, पोहे खायला."

तो पोहे खायला दोन वर्षं आला. गेल्या वर्षी कायमचा कोल्हापूरला गेला. जाताना दिवे गोदामात गेले, शाल मात्र आमच्याकडे ठेवून गेला.

आता वर्गात तेवीस मुलं आहेत. शुक्रवारी पाठाचं चित्रीकरण असतं आणि सगळी कामं माझ्याकडे. आधी ओढणी घेऊन मीच नव्या दिव्याखाली बसतो. मग कॅमेरा सुरू करतो, शाल हातावर घेतो आणि भिंतीकडे वळतो. माझ्या नाकासमोर रंगाचे तीन पोपडे आहेत. ते मोजून होतात न होतात तोच मागून आवाज येतो,

"मागचा बाक, सांगा बरं!"