मग्दा वहिनी काय विचारत होत्या

मग्दा वहिनी गेल्यापासून भेटायला येणारं प्रत्येक माणूस चहाचे दोन घोट घेतले की मला हेच विचारतं, "जाताना काही बोलल्या का हो?" बोलल्या की! चांगलं वर्षभर बोलत होत्या. पण हंगेरियनमध्ये. आणि धाराशिवात हंगेरियन कुणाला येतंय, सांगा बरं?

वहिनी मूळच्या बुडापेस्टच्या. तिथल्या संगीत महाविद्यालयात शिकलेल्या, मोठमोठ्या सभागृहांत पियानो वाजवलेल्या. माझा थोरला भाऊ तिकडं शेतकीच्या शिक्षणाला गेला आणि यांना घेऊन आला. मागोमाग बोटीनं मुंबईला आणि तिथनं ट्रकनं त्यांचा पियानो आला. उतरवायला अख्खी गल्ली लागली. मी तेव्हापासूनच धास्तावलेली. ही बाई इथल्या उन्हात टिकते कसली, असं वाटायचं. सुरुवातीला त्या पुण्या-मुंबईला कार्यक्रम करायच्या. मग एक दिवस म्हणाल्या, "वन्सं, लोकांपुढं वाजवणं आता नको वाटतंय. आता मी फक्त शिकवणार." दादा गेला तेव्हाही मी जीव मुठीत धरून होते, आता या बॅग भरतील म्हणून. त्यांनी शिकवणीची वेळ तेवढी वाढवली.

बेंबळीहून, तामलवाडीहून एसटीनं पोरं यायची. त्यांना सिनेमातली गाणी हवी असायची, वहिनी महिनोन् महिने नुसती बोटं घोटवून घ्यायच्या. एखादीचं मनगट ताठलं की ओरडायच्या, "अगं, सैल सोड की! भाकरी थापताना अशीच ताठतीस व्हय?" आणि हवेतच भाकरी थापून दाखवायच्या. पोरी खिदळायच्या आणि मनगटं आपोआप सुटायची.

मग विसरणं सुरू झालं. आधी पोरांची नावं, मग वार, मग... मराठीच. एके सकाळी मला "वन्सं" म्हणणारं माणूस घरात उरलं नाही. माझा जीव टांगणीला लागला. तहान लागलीय म्हणतायत, का दुखतंय कुठं? मोबाइलवरच्या भाषांतराला त्यांचं पुटपुटणं कळेना. एकच गोष्ट लागू पडतेय असं वाटायचं : कासावीस झाल्या की पियानोपुढं नेऊन बसवायचं. त्या लहान मुलांचे धडे तेच तेच वाजवायच्या. मधेच थांबायच्या, मान वळवून माझ्याकडं बघायच्या आणि विचारायच्या, "ऑन्यु, फेलाल्हातोक?" नजर इतकी भ्यालेली, की मला भडभडून यायचं. चांगलं वाजलं का, असं विचारत असतील, असं मी धरून चालले. म्हणायचे, "वाजवा वहिनी, लई छान! वाजवा." त्या निमूट पुन्हा सुरू करायच्या. बोटं सुजायची. मी तेल चोळून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत बसवायचे.

शेवटी दादाच्या जुन्या ओळखीतनं वहिनींच्या भाचीचा नंबर मिळाला. व्हिडिओ कॉल लावून मी फोन पियानोवर उभा केला. माझं मास्तरणीचं मोडकंतोडकं इंग्रजी, पण भाचीला कळलं. वहिनी वाजवता वाजवता थांबल्या, मान वळवली आणि तेच विचारलं. भाचीनं तोंडावर हात ठेवला. "ती तुम्हाला आई समजतेय," ती म्हणाली. "आई, उठू का मी आता, असं विचारतेय." वहिनींची आईच त्यांची पहिली गुरू, आणि भारी कडक. तिनं हो म्हटल्याशिवाय स्टुलावरनं उठायची सोय नव्हती म्हणे.

अगं आई गं! आणि मी वर्षभर काय म्हणत होते? वाजवा, वाजवा!

"तुमच्यात हो कसं म्हणतात?" मी भाचीला विचारलं. तिनं सांगितलं. मी वहिनींच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "इगेन." त्यांनी पटकन हात मांडीवर घेतले. खरंच ना, म्हणून एकदा माझ्याकडं निरखून बघितलं आणि उठल्या. अंगणात जाऊन बाजेवर बसल्या, शाळा सुटलेल्या पोरीसारख्या पाय हलवत. त्यानंतर पियानोकडं फिरकल्या नाहीत. मीही नेलं नाही. महिनाभरानं झोपेतच गेल्या.

आता पोरं येऊन विचारतात, पियानो उघडू का? उघडा म्हणते, त्यासाठीच आहे तो. पण दिवेलागणीला पोरं गेली की मी एकटीच त्या खोलीच्या दारात उभी राहते. स्टूल रिकामं आहे, मला दिसतंय की. तरी चैन पडत नाही. न जाणो, तिथं बसल्या असतील, कुणी हो म्हणायची वाट बघत...

"इगेन, वहिनी," मी हळूच म्हणते. "उठा."