काम काय करता?

आमच्या दवाखान्यात पेशंटला पहिला प्रश्न "काय होतंय?" असा कधी विचारला गेलाच नाही. माणूस कण्हत दारात आला तरी साळवेताई औषधांच्या कपाटापाशी उभ्या राहून विचारायच्या, "काम काय करता?" त्याने सांगितलं की लगेच पुढचं, "करून दाखवा." ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण नवा पेशंट समोर बसला की माझ्याही तोंडून आधी तोच प्रश्न निघतो.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला हा दवाखाना मी दोन हजार सालच्या आसपास एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतला. टेबल, तपासणीचा पलंग, कपाट आणि कंपाउंडर साळवेताई, सगळं एकदमच माझ्याकडे आलं. पहिल्या सकाळी बदलापूरहून पोचले तर बाहेरच्या बाकावर एक माणूस पाय झाडत होता आणि दोन्ही हातांनी हवेत काहीतरी पुढे ढकलत होता. मला वाटलं, फिट आली. मी धावले, तर ताईंनी हात आडवा केला.

"थांबा मॅडम. जीन्स शिवतोय तो."

मग त्याच्याकडे वळून, "मान रोज अशीच वाकडी असते? आणि उजेड कुठून येतो तुमच्या मशीनवर?"

त्याच्या मानदुखीचं निम्मं निदान मी स्टेथोस्कोप काढायच्या आत झालं होतं. खरं तर मला कौतुक वाटायला हवं होतं, पण आला तो राग. डॉक्टर मी की ही बाई? जरा कमी बोलणारी कंपाउंडर शोधायची, असं मी त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

ताई तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या, ठेंगण्या, आवाजाने मात्र चांगल्या उंच. राहायच्या अंबरनाथला. त्यांचे यजमान तिथल्याच एका कारखान्यात होते. मशीनमध्ये उजवा हात गेला आणि डॉक्टरांनी कागदावर "अनफिट" लिहिलं. "खोटं नव्हतं लिहिलेलं," ताई सांगायच्या. "पण डाव्या हाताने गेट उघडता येतं, निरोप पोचवता येतो, हे कोणी लिहिलंच नाही. माणूस घरी बसला तो बसलाच." हे त्या अगदी सरळ आवाजात सांगायच्या, भाजी महाग झाल्याचं सांगावं तसं. यजमान गेल्यावर घर त्यांच्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं.

माझा राग उतरवला तो अशोकने. तो जीन्सच्या कारखान्यात इस्त्री मारायचा. आला तो "जय भीम, ताई" म्हणत, कंबर धरूनच. कळ पार पायापर्यंत जात होती. मी तपासलं, औषध दिलं आणि चिठ्ठी लिहिली, तीन आठवडे पूर्ण विश्रांती. त्याने ती वाचली, घड्या घालून खिशात टाकली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला. ताई आत आल्या.

"मॅडम, तो ही चिठ्ठी सेठला देणार नाही."

"का?"

"दिली तर सेठ त्याला जन्माची विश्रांती देईल. त्याच्या जागेसाठी दारात चार जण उभेच असतात."

"मग मी काय लिहू? कंबर दुखत नाही म्हणून?"

"दुखते ते लिहाच. पण जमतं काय तेही लिहा की! वाकायला जमत नाही. उभं राहायला जमतं, बसायला जमतं, हात चालतात, डोळे चालतात. एवढा सगळा माणूस शाबूत आहे आणि तुमच्या चिठ्ठीत नुसती कंबर."

मी तणतणत नवी चिठ्ठी लिहिली. दुपारी ताई ती घेऊन अशोकबरोबर कारखान्यात निघाल्या आणि मीही मागोमाग गेले. खोटं कशाला बोलू, त्यांची फजिती बघायलाच गेले.

सिंधी सेठने चिठ्ठी लांब धरून पाहिली. "अरे ताई, ये फॅक्टरी है या दवाखाना?"

"साईं, दवाखाना तो उधर है. इधर खाली टेबल ऊंचा मंगता है."

मग अशोकला म्हणाल्या, "करून दाखव." इस्त्रीचं टेबल त्याच्या मांडीपर्यंतच येत होतं. दिवसभर तो त्यावर ओणवा. ताई मागच्या गल्लीत गेल्या, पदरात विटा घेऊन आल्या आणि टेबलाच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन विटा सरकवल्या. अशोक सरळ उभा राहिला. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "सेठ, मेरेको भी." सेठ हसला. महिनाभर अशोकला त्याने तयार माल तपासायला बसवलं, नंतर तो विटांवरच्या टेबलाशी परत उभा राहिला. दुसरी कंपाउंडर शोधायचा विषय मी त्या दिवशी बंद केला.

तेव्हापासून आमच्या चिठ्ठीचे दोन भाग झाले. वर, काय जमत नाही. खाली, काय जमतं. खालचा भाग नेहमी मोठा असावा अशी ताईंची सक्त ताकीद होती.

सगळीकडे असं जमलं नाही. मीरा नावाची एक बाई जीन्सचे धागे कापायचं काम करायची. तिला टीबी झाला. उपचार सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, तिच्यापासून कुणाला धोका उरला नव्हता. फक्त आठवड्यातून तीन सकाळी गोळ्यांसाठी केंद्रावर जावं लागे, त्यामुळे कामावर उशीर व्हायचा. ताई मालकाकडे गेल्या आणि आजाराच्या नावासकट सगळं समजावून आल्या. मालकाने ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी मीराला काढून टाकलं.

मीरा दवाखान्यात आली ती भांडायला नाही. "ताई, उशिरा येऊ द्या, एवढंच सांगा म्हटलं होतं मी," एवढं बोलून गेली. पुढे तिने कॅम्प दोनमध्ये पिशव्या शिवण्याचं काम मिळवलं, पण ते तिचं तिने. दुसऱ्या सकाळी पहिल्याच पेशंटला ताईंनी नवा प्रश्न विचारला, "सेठला काय सांगू? आणि काय सांगायचं नाही?" त्यानंतर तो कधी चुकला नाही.

अशी आठ वर्षं गेली. ताईंना साखरेचा त्रास आहे हे मला माहीत होतं. तो डोळ्यांवर गेलाय हे माहीत नव्हतं. म्हणजे माझ्या समोर सगळं चाललं होतं. त्या गोळ्यांची पाकिटं बोटांनी चाचपायला लागल्या होत्या, "हे नाव जरा मोठ्याने वाचा हो," असं पेशंटलाच सांगत होत्या. मला वाटायचं, बाई पेशंटला शिकवतेय. मग एका सकाळी एक वॉचमन परत आला.

"ताई, माझी साखरेची गोळी मोठी असते. ही बारीक कुठली?"

ती ब्लडप्रेशरची होती. नशीब, त्याने घेतली नव्हती. मी स्वतः त्याला बरोबर गोळ्या मोजून दिल्या. दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर ताईंनी कपाटाच्या चाव्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

"दुसरी बाई बघा, मॅडम."

"कधीपासून दिसत नाहीये?"

"दिवाळीपासून."

"मग मला सांगायचं नाही?"

"सेठला काय सांगायचं नाही, ते पेशंटने ठरवायचं असतं," ताई म्हणाल्या.

इतकी वर्षं मी स्वतःला त्यांची डॉक्टर समजत होते. मी त्यांची सेठ आहे, हे मला त्या दुपारी कळलं. आणि त्या घरी बसल्या तर बसल्याच, हेही मला पक्कं माहीत होतं. मी त्यांचंच वाक्य उचललं.

"ताई, काम काय करता?"

त्यांनी चाव्या माझ्याकडे आणखी सरकवल्या.

"करून दाखवा."

त्या उठल्या आणि कपाटापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आठ वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना काम करताना नीट पाहिलं. ट्यूबलाइट बाकाच्या बाजूला, कपाट कोपऱ्यात, त्यामुळे त्यांची स्वतःचीच सावली गोळ्यांवर पडत होती. वरच्या फळीसाठी त्या चवड्यांवर उभ्या राहत होत्या. आणि बसायला तिथे काहीही नव्हतं. सकाळ-संध्याकाळ, आठ वर्षं, ही बाई उभी होती. ज्यांनी गावभरच्या सेठांकडे स्टुलं मागितली, त्यांना माझ्या दवाखान्यात स्टूल नव्हतं. माझ्या हातच्या कितीतरी चिठ्ठ्यांवर "बसून काम द्यावे" असं लिहिलेलं होतं. मला फार लाज वाटली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी लेझर केलं. गेलेलं परत आलं नाही, उरलेलं टिकलं. मग मी चिठ्ठी लिहिली आणि ताईंना वाचून दाखवली. जमत नाही: बारीक अक्षर वाचणे, औषध देणे. जमतं: पेशंटला बोलतं करणे, ऐकून घेणे, सेठांशी भांडणे, डॉक्टरला वळण लावणे. बसून काम द्यावे.

"चांगली लिहिलीय," ताई म्हणाल्या. "पण सेठ ऐकेल का?"

"ऐकेल. जरा उशिरा ऐकतो."

औषधं द्यायला मी दुसऱ्या एका बाईंना ठेवलं. कॅम्प दोनच्या बाजारातून एक चांगली खुर्ची आणली आणि दाराजवळ, बाकाला लागून ठेवली. पहिल्या सकाळी ताई तिच्यावर बसल्या तोच एक प्लंबर खांदा धरून आला.

"काम काय करता? करून दाखवा."

तो हवेत पाना फिरवायला लागला. ताईंना ते नीट दिसेना, तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हलताना हाताने बघत राहिल्या. "इथे अडकतो," त्या म्हणाल्या. बरोबर तिथेच अडकत होता.

मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "मॅडम, खुर्ची उंच झाली. पाय लोंबतायत. दोन विटा लागतील."

मागच्या गल्लीत जाऊन मी स्वतः विटा घेऊन आले.