हात माझे, तोंड सरांचं

"आमच्या मॅडम फार नाय-स आहेत."

सर असं म्हणाले आणि वर्ग हसला. मी कीबोर्डवर होते. बोटं जिथल्या तिथे राहिली. पडद्यावर कर्सर लुकलुकत राहिला.

हसणारे सगळे नोकरदार पुरुष होते. तळोज्याकडच्या एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळणारे. कंपनीने त्यांना पनवेलला आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये लिनक्स शिकायला धाडलं होतं. सर्व्हरवर नजर कशी ठेवायची, तो मंदावला तर कशाने मंदावला हे कसं ओळखायचं, त्याला पुन्हा वेग कसा द्यायचा. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. अशा वर्गांना तेव्हा फार मागणी होती.

त्या वर्गाची एक रीत होती. सर पडद्यापाशी उभं राहून बोलायचे. मी प्रोजेक्टरच्या मागे, कोपऱ्यात बसून टाइप करायचे. सर म्हणायचे, "आता टॉप लावून बघू." मी टॉप ही आज्ञा द्यायचे. सर्व्हरवर चाललेली सगळी कामं पडद्यावर दिसायला लागायची. कोण किती सीपीयू खातंय, कोण झोपलंय, कोण वाट बघतंय. वर्गाला पडद्यावरची अक्षरं दिसायची, मी दिसायचे नाही. पहिल्याच दिवशी सरांनी मला नियम सांगितला होता. "हात तुझे, तोंड माझं. तुझा अभ्यास चांगला आहे गं. प्रश्न फक्त भाषेचा आहे."

गोड बोलायचे सर. पुण्याचे. कधी आवाज चढवला नाही. अपमान करतानासुद्धा नाही.

मला शिकवायचं होतं. एवढंच हवं होतं मला. पडद्यापाशी उभं राहायचं आणि बोलायचं. सर म्हणाले होते, पुढची एखादी बॅच देऊ तुला. त्या 'देऊ'वर मी कोपऱ्यात बसून होते.

त्या दिवशी सर फोन घ्यायला बाहेर गेले. एका थोराड माणसाने मागे वळून मलाच विचारलं, "मॅडम, सीपीयू तर रिकामा दिसतोय. मग लोड एवढा कसा?"

प्रश्न मला विचारला होता. मी उत्तर दिलं.

"लोड जास्त हाय म्हंजे सीपीयू दमलाय असा नाय. कामा डिस्कसाठी खोलंबलीत. रांग तिथं हाय."

उत्तर बरोबर होतं. लोड म्हणजे चालू आणि खोळंबलेल्या कामांचा आकडा. त्याने मानही डोलावली. पण सर दारात उभे होते.

"असा नाय!" सरांनी माझा हेल काढला. अगदी हुबेहूब. मग हसत आत आले आणि वर्गाला म्हणाले, "योगायोग बघा. आजचा विषयच नाइस आहे. आणि आमच्या मॅडम फार नाय-स आहेत."

मग त्यांनी नाइस समजावलं. लिनक्समध्ये प्रत्येक कामाला एक आकडा असतो, त्याला नाइस म्हणतात. नाइस म्हणजे सभ्य. आकडा जितका मोठा, तितकं ते काम सभ्य. म्हणजे तितकं मागे उभं राहणारं. इतरांना आधी सीपीयू घेऊ देणारं. सगळ्यात मोठा आकडा एकोणीस. सगळ्यांचं होऊ दे, उरलं तर मला द्या, असं म्हणणारं काम.

"मॅडमना आपण एकोणीस देऊ," सर म्हणाले. "मॅडम, तुमच्या नावाने एक काम चालू करा बघू."

मी केलं. माझ्या नावाने काम चालू केलं आणि त्याला एकोणीस दिले. माझ्याच बोटांनी. पडद्यावर माझं नाव आलं, यादीत तळाला गेलं. वर्ग परत हसला.

सगळ्यात मोठ्याने हसला तो रोडपालीचा एक पोरगा. मधल्या सुट्टीत चहाच्या टपरीवर तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "ताई, मी पन आगरीच हाय. हसलो नसतो तं वलखला असता मना."

मी चहा संपवला. तो त्याच्या जागेवर एकोणीस घेऊन बसला होता, मी माझ्या.

आम्ही मिठागरातली माणसं. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा चळवळीत होते, त्यामुळे घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. जमीन वाचवा. मिठागर वाचवा. सभेला या. पातळ गुलाबी, पिवळा कागद, शाई बोटांना लागायची. बाबा मला ओट्यावर उभं करायचे आणि समोर मिठागरावरून परतलेल्या बाया बसायच्या. मी मनातल्या मनात वाचायला लागले की बाबा ओरडायचे, "मोठ्यान वाच. पत्रक काय सोताला वाचाचा आसतय?" मी मोठ्याने वाचायचे. आमच्याच बोलीत वाचायचे, छापलेलं शुद्ध असलं तरी. 'नाही' लिहिलेलं असायचं, मी 'नाय' वाचायचे. बायांना कळायचं. कोणी हसायचं नाही.

आणि मी इन्स्टिट्यूटमध्ये वर्षभर तोंड मिटून बसले होते.

त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. बाबा थकले होते तोवर. मिठागर गेलं, शेत गेलं, तिथे आता सोसायट्या आणि त्यांची फाटकं आहेत, आणि फाटकावरचा वॉचमन बाबांना विचारतो, कुणाकडे जायचंय. त्यांनी ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "आमी पयल्यांदा मागं सरलो ना, तवा वाटला एकदाच हाय. मंग सरतच गेलो."

दुसऱ्या दिवशी सरांनी कालचाच धागा पकडला. "मॅडमचं एकोणीस आठवतंय ना? आता ते परत शून्यावर, म्हणजे नेहमीच्या जागी आणू. मॅडम, आणा."

मी आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर आलं. परवानगी नाही.

"बघा," सर खूश होऊन म्हणाले. हे त्यांना दाखवायचंच होतं. "साधा वापरकर्ता स्वतःला मागे नेऊ शकतो. कितीही मागे. त्याला कोणी अडवत नाही. पण एकदा मागे गेला की स्वतःच्या अधिकारात पुढे येऊ शकत नाही. पुढे आणण्याचा अधिकार फक्त रूटला."

रूट म्हणजे सर्व्हरचा मालक. ज्याला सगळं करता येतं तो.

हे मला माहीत होतं. पाठ होतं. कित्येकदा टाइप केलं होतं. पण त्या दिवशी पडद्यावर माझं नाव होतं, आणि नावाखाली लिहिलं होतं, परवानगी नाही. मला बाबा दिसले. फाटकापाशी उभे. मला तो रोडपालीचा पोरगा दिसला, वहीत तोंड घालून बसलेला. मागे जाताना आम्हाला कोणीच अडवलं नव्हतं. उलट चांगली माणसं म्हणाले होते. सभ्य म्हणाले होते.

"आता रूटने लॉगिन करा मॅडम, आणि शून्य द्या," सर म्हणाले.

मी कीबोर्डवरून हात काढले. मांडीवर ठेवले.

"मॅडम?"

"सर, ह्याच्या पुढचा मी बोलून सांगतंय. तोंड मिटून हात चालवाचं नाय आता."

कोणी हसलं नाही. सर जवळ आले, खाली वाकले, हळू आवाजात म्हणाले, "बाळ, वर्गात भावना आणायच्या नसतात."

"भावना नाय, सर. काम हाय. मी शिकवतंय."

सर सरळ झाले. मला उठायची खूण केली. मी उठले. मला क्षणभर वाटलं होतं, की आता त्यांचं अडेल. तसं काही झालं नाही. ते माझ्या खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं व्यवस्थित टाइप केलं. एक चूक नाही. त्यांना सगळं येत होतं. येत असूनही त्यांना माझे हात हवे होते, कारण एक जण बोलतोय आणि दुसरी त्याच्या शब्दासरशी टाइप करतेय, हे दिसायला बरं दिसतं. हे कळलं तेव्हा मला रागही आला नाही. फक्त फार दमल्यासारखं झालं.

मी पिशवी उचलली. दारातून वळून पाहिलं. कोणी उठलं नव्हतं. रोडपालीच्या पोराने मान वर केली नव्हती. संध्याकाळी सरांचा फोन आला. उद्यापासून येऊ नकोस, आणि पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. दोन्ही एकाच वाक्यात.

आता कळंबोलीत शिकवते. लोखंडाच्या गोदामावर एक खोली आहे. खाली पत्रे कापतात तेव्हा बोलणं थांबवावं लागतं. ते थांबले की मी बोलते. मुलं थोडी असतात, कधी त्याहून थोडी. जिंकले बिंकले असं काही नाही. कंपन्या विचारतात, मॅडम इंग्लिशमधून घेतात का. मी सांगते, मराठीतून घेते. फोन ठेवला जातो. रोज तेच. कंटाळा येतो, पाय दुखतात, घसा बसतो.

परवा एका कंपनीतून बाई बोलत होत्या. मोठी बॅच होती. आवाज गोड होता. "आमचा ट्रेनर बोलेल, तुम्ही फक्त डेमो दाखवा. तुमचं टायपिंग खूप छान आहे असं ऐकलंय."

खोली रिकामी होती. पुढची बॅच ठरलेली नव्हती. आणि ती रीत माझ्याआधी पोचलेली होती. हात तुझे, तोंड माझं.

मी म्हणाले, "नाय."

"सॉरी, काय म्हणालात? नाइस?"

"नाय. नाय म्हंजे नाय."

नाइस शिकवताना मी पोरांना एक गोष्ट आधी सांगते, मग आज्ञा. पुढे यायला परवानगी लागते, आणि ती तुमच्या हातात नाही. रूट वाटेल तेव्हा तुम्हाला मागे ढकलेल, तेही तुमच्या हातात नाही. पण जागेवरून न हलायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याला ढकलायचं असेल तर त्याने यावं, त्याच्या हाताने, त्याच्या नावाने ढकलावं. मी माझ्या बोटांनी माझ्या नावापुढे एकोणीस लिहिणार नाय.